सक्करदऱ्याची लाकडी विहीर



नागपूरला आपण जातो ते बहुधा कामापुरते. माल असला तर कळमन्याला, घरात कोणी आजारी असले तर मेडिकलला आणि धुऱ्याबांधाचा तंटा असला तर कोर्टात. सक्करदऱ्याला मुद्दाम असे कोणी जात नाही. उमरेडकडून येणाऱ्या माणसाला ते वाटेत लागते, इतकेच. मला मात्र गेल्या पावसाळ्यात तेथे मुद्दाम जावे लागले, आणि तेही एका जुन्या मोटारीपायी.

त्याचे असे झाले. उमरेड तालुक्यातील एक शेतकरी माझ्या वीस वर्षांच्या ओळखीचे. गावात भाड्याने ट्रॅक्टर मिळू लागल्यावर त्यांनी बैलजोडी विकली आणि ते पैसे नव्या पंपासाठी राखून ठेवले. त्यांच्या विशीतल्या मुलाच्या डोक्यात दुसरेच होते. मोबाइलवर मोटारीच्या कसरती पाहून त्याला वाटू लागले की एक जुनी मारुती घ्यावी, ती हलकी करावी आणि कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर ती गरकन फिरवून दाखवावी. गाडी ठरली होती. किंमत ४० हजार. वडिलांचा मला फोन आला, “साहेब, पोरगा आयकून नाई रायला. तुमाले गाडीतलं समजते. तुमी एक डाव चाला आमच्यासंगं.”

गाडीतले मला समजते ते एवढेच की नोकरीची निम्मी वर्षे मी ती ढकलण्यात घालविली. तरी गेलो.

सक्करदरा ही एके काळी भोसल्यांची जागा. तेथे त्यांचा वाडा होता, तलाव होता. राजे रघुजीराव भोसले यांनी १९०८ साली ताजुद्दीन बाबांना आपल्या या वाड्यावर आणून ठेवले, आणि १९२५ साली बाबा गेल्यावर उमरेड रोडवर थोडे पुढे त्यांचा दर्गा झाला. तोच ताजबाग. आज चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, बुधवारचा बाजार भरतो, आणि डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे. २०२२ च्या सप्टेंबरात याच पुलावर एका भरधाव मोटारीने दुचाकींना धडक दिली आणि एकाच घरातील चार माणसे पुलावरून खाली फेकली जाऊन मेली. आम्ही पुलाखालून जाताना वडिलांनी वर पाहिले. मुलाने पाहिले नाही.

गॅरेज एका गल्लीत होते. मारुती ८०० उभी होती, रंग उडालेली, पण चालती. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, चाके जेमतेम १२ इंची, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. म्हणजे थोराड बैलजोडीपेक्षा फार जास्त नव्हे. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना. हँडब्रेक लागतो तो मागच्या चाकांना. मुलाचा सारा बेत या दोन गोष्टींवर होता. वेगात वळायचे, हँडब्रेक खेचायचा, मागचा भाग घसरतो आणि गाडी जागच्या जागी तोंड फिरवते. मागची सीट काढायची, सायलेन्सर कापायचा, स्प्रिंगा बदलायच्या, असा त्याचा हिशेब कागदावर तयार होता. अक्षर सुरेख होते, हे सांगितले पाहिजे.

मिस्त्रीने मात्र गाडी आधी उचलून दाखवली. तुम्हीही जुनी गाडी घ्याल तेव्हा रंग पाहू नका, खाली वाका. हिच्या तळाचा पत्रा गंजला होता, आणि पुढच्या चाकांचे हात जेथे जोडलेले असतात तेथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आत गेला. चाक वरखाली धरून हलवले तर खुळखुळ वाजले. मग आरसी बुक पाहिले. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. ही मुदत उलटून गेली होती. “गावात फिरवायला काय होते?” असे दलाल म्हणाला. दलालांना कधी काही होत नाही.

मिस्त्रीच मग म्हणाला, “पोरा, कसरतीची मारुती पाहायची असेल तर ताजबागला जा. उरूस चालू आहे.”

उरूस मुसलमानी महिन्याप्रमाणे येतो, म्हणून आपल्या पंचांगाशी तो सरकत राहतो. अलीकडे तो ऐन पावसाळ्यात पडतो. दर्ग्यात चादर घेऊन जाणाऱ्यांत सर्व जातिधर्मांची माणसे होती. दर्शन घेऊन आम्ही पाळण्यांच्या बाजूला गेलो. तेथे ‘मौत का कुआँ’ उभा होता. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो जत्रेत पाहिला असेल. पण बहुतेकांनी वरून पाहिलेला असतो. आम्ही आधी खालून पाहिला.

ही विहीर म्हणजे जमिनीवर उभे केलेले लाकडी फळ्यांचे मोठे पिंप. व्यास सुमारे ३० फूट. तळाशी फळ्या तिरप्या लावून चढ केलेला, त्यावर भिंत सरळ उभी. आत एक मारुती होती. मागची सीट नाही, काचा नाहीत, पुढचा-मागचा बंपर नाही. बंपर का काढला, असे मी विचारले. चालकाने तळहात वाकवून दाखवला. भिंत गोल, गाडी सरळ. लांब गाडीचे नाक आणि शेपूट भिंतीला घासणार. म्हणूनच आखूड गाडी लागते. स्वस्त मिळते आणि सुटे भाग कोणत्याही गावी सापडतात, ही पुढची कारणे. एवढ्या तयारीत गाडीला ताकद वाढविणारे काहीच लावलेले नव्हते, हे मुलाच्या ध्यानात आले. तो थोडा हिरमुसला.

आम्ही वर चढलो. खेळ सुरू झाला. गाडी आधी तिरप्या फळ्यांवर फिरली, मग एका झेपेत उभ्या भिंतीवर गेली. साऱ्या विहिरीला हादरा बसतो, कठडा हातात थरथरतो. चालकाने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले आणि लोकांच्या हातातील नोटा टिपल्या. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, आणि ती बाजू वर राहायला हवी. म्हणून गाडी फिरते ती प्रदक्षिणेच्या उलट.

ती पडत का नाही? दुधाची बादली दांडीला धरून गरगर फिरवून पाहा, दूध सांडत नाही. तेच येथे. ताशी ४० किलोमीटर वेगाने एवढ्याशा गोलात एक फेरा अडीच सेकंदांच्या आसपास होतो, आणि गाडी आपल्या वजनाच्या जवळजवळ पावणेतीन पट जोराने भिंतीवर दाबली जाते. त्या दाबामुळे टायर फळीला धरून बसतो. इंजिनातले तेलही चाकांच्या दिशेनेच ओढले जाते, म्हणून इंजिनाला वाटते की आपण किंचित कलत्या रस्त्यावर आहोत. माणूस ६० किलोचा असला तर सीटवर दीडशे किलोंहून जास्त भार पडतो. नवख्याला भोवळ येते ती त्यानेच.

विहिरीत वेग गाडीला धरून ठेवतो. रस्त्यावर तोच वेग गाडीला फेकून देतो. वळणावर वेग दुप्पट झाला तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, आणि त्याला अडवायला असते फक्त टायर आणि जमीन यांची पकड. आता तुमचा कालव्याचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. मधोमध सुटा मुरूम, म्हणजे टायरखाली गोट्याच. कडेला आपली काळी माती. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी होते; खाली पाऊल ठेवाल तर तुम्हीसुद्धा घसराल. आडव्या घसरणाऱ्या गाडीचे चाक त्या मऊ कडेत रुतले की गाडी थांबत नाही, उलटते. छपराचा पत्रा माणसाचे वजन पेलतो, गाडीचे पेलेलच असे नाही. एका पावसाळ्यात माझी मोटारसायकल अशाच कडेवरून तुरीच्या शेतात गेली होती. वेग बैलगाडीहून थोडा जास्त, तरी उजवे मनगट आजही थंडीत बोलते.

कायद्याचेही सांगून टाकतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चढाओढ हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, आणि गाडीची मूळ रचना परस्पर बदलणेही. चालविणारा १८ वर्षांखालील असला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. धाकटी भावंडे ‘एक चक्कर’ म्हणून गाडी मागतात, त्या वेळी हे आठवावे.

खेळ संपल्यावर चालक चहाला बसला. उत्तर प्रदेशाकडचा, चाळिशी उलटलेला. मुलाने त्याला विचारले, शिकायला किती दिवस लागतात? तो हसला. म्हणाला, पहिली दोन वर्षे मी फक्त फळ्या जोडल्या. गाव बदलले की विहीर सोडायची, पुन्हा उभी करायची. बोल्ट कोणता सैल पडतो ते तेव्हा कळले. मग मोटारसायकल, मग गाडी. रोज सकाळी अजूनही फळी न् फळी ठोकून पाहतो. मुलगा ऐकत होता. हे मोबाइलवर दिसत नसावे.

पुढच्या खेळाची तिकिटे चालू झाली होती. रांग मोठी होती. तेवढ्यात एक सर आली, पाच मिनिटांची. वर ताडपत्री होतीच. पाऊस थांबल्यावर चालक विहिरीत उतरला, उभ्या भिंतीवर एका ठिकाणी तळहात टेकवून उभा राहिला, दुसरीकडे टेकवला, आणि वर पाहून त्याने हाताने ‘नाही’ केले. मालक काहीसे बोलला. चालकाने पुन्हा मान हलवली आणि तो बाहेर आला. लोक ओरडू लागले, एकाने शिवी दिली, तिकिटाचे पैसे परत करावे लागले. तो निमूटपणे बिडी ओढत बसला.

आम्ही गाडी घेतली नाही. वडिलांनी विषय काढला नाही, मीही नाही. उमरेड रोडला अंधार पडू लागला होता. बराच वेळाने मुलगा म्हणाला, “बाबा, फळी तं वरून कोरडी दिसत होती. नुसता हात लावून त्याले कसं समजलं?”

“वापसा आला, हे तुया आज्याले कसं समजे?” वडील म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर ओल्या पऱ्हाटीकडे पाहू लागले.