चौदा सेंट

"गंधार चढा लागतोय गं," आजी म्हणाली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिची पेटी बिघडून माळ्यावर गेली होती, म्हणून एका सुट्टीत मी तिच्या रियाजासाठी छोटंसं ॲप लिहिलं. वर तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग, खाली बारा सुरांच्या पट्ट्या. बोट ठेवलं की सूर.

मी तिला गणित समजावलं. सप्तकाचे बारा समान भाग. प्रत्येक सूर आधीच्या सुराच्या १.०५९४६ पट. बारा वेळा गुणलं की बरोबर दुप्पट, म्हणजे वरचा सा. "यात चूक कशी असेल? तुझ्या कानांचं वय झालंय आता," मी हसत म्हणाले. ती हसली नाही. फोन परत देऊन आत गेली. ते ॲप तिने पुन्हा उघडलं नाही, आणि हळूहळू गाणंही बंद झालं. गुडघे, बीपी, कंटाळा अशी कारणं घरात सगळ्यांनी आपापली शोधली. मीही.

मागच्या महिन्यात जुना कोड आवरताना सहज त्या तानपुऱ्याच्या आवाजाचा आलेख काढला. सा २०० हर्ट्झचा. पण तार छेडली की एकटे २०० वाजत नाहीत. ४००, ६००, ८००, १००० असे उपस्वरही उमटतात. त्यातला १००० म्हणजे गंधार. कुणी न गाता तानपुऱ्यातून ऐकू येणारा, म्हणून स्वयंभू. दोन सप्तकं खाली आणला की २५०.

माझ्या ॲपचा गंधार २५२ होता.

दोन हर्ट्झने काय बिघडतं? तर २५२चा चौथा उपस्वर १००८, आणि शेजारी तानपुऱ्याचा १०००. दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला आठ वेळा थरथरतो. हेडफोन लावून बसले. एकदा ऐकू आल्यावर ती थरथर कानातून जाईना.

मग समान भाग करतातच कशाला? कारण शुद्ध पंचमांची साखळी जुळत नाही. दीडपट बारा वेळा केली तर १२९.७५ येतात, सात सप्तकं म्हणजे १२८. हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो. पियानोवर कुठल्याही सुराला सा मानून वाजवता यावं, म्हणून तो सगळीकडे सारखा वाटून टाकला. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पंचम जेमतेम दोन सेंट उतरतो, गंधार मात्र चौदा सेंट चढतो. चालीची पट्टी मध्येच बदलणाऱ्या संगीतात हा सौदा परवडतो. आजीचा सा तर मैफलभर जागचा हलत नाही. तिने हा तोटा का सोसावा? १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागे पेटीत मींड निघत नाही याबरोबर हीही तक्रार होती.

सूत्र काढून टाकलं आणि प्रत्येक सुराचं प्रमाण हाताने लिहिलं. गंधार : ५/४.

रविवारी आजीसमोर फोन ठेवला. काय बदललंय ते सांगितलं नाही. तिने गंधार दाबला, ऐकला, परत दाबला.

"आता बसला."

"आजी, तेव्हा माझं चुकलं होतं. तुझे कान बरोबर होते."

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली.

मग तिने भूप सुरू केला. गंधार बरोबर लागला, पण श्वास पुरला नाही. दोन ओळींत थांबली, पाणी मागितलं. पाणी आणायला मी आत गेले आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले. कोडमधली चूक दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली होती.