जमिनीच्या कागदाची साक्ष

ग्रंथातली नगरी शोधायला निघालेल्या माणसाने आधी ग्रंथ मिटून ठेवावा, असं माझ्यासारख्या कोरीव लेख वाचणाऱ्याला वाटतं. बौद्ध सूत्रांत श्रावस्ती सतत भेटते. श्रेष्ठी अनाथपिंडिकाने संघासाठी जेतवन हे उपवन कसं विकत घेतलं, तेही कळतं. पण तिथे जायचं कसं, हे सूत्रांतून नेमकं कळत नाही. ते सांगतात फाहियान आणि ह्युएनत्संग, दिशा नि अंतरं टिपून ठेवणारे चिनी यात्रेकरू.

त्यांचं बोट धरून पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम उत्तर प्रदेशातल्या साहेत-माहेतला पोचला. माहेत म्हणजे तटबंदीची नगरी आणि साहेत म्हणजे जेतवन, असं त्याने ठरवलं. फाहियानने जेतवन दक्षिण वेशीबाहेर १२०० पावलांवर सांगितलं होतं. ते बरंचसं जुळत होतं. शिवाय साहेतला बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती निघाली, तिच्यावरच्या लेखात श्रावस्तीचं नाव!

तरी इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथला पटलं नाही. अंतरांचा हिशेब नव्याने मांडून १८९८ साली त्याने श्रावस्ती नेपाळच्या हद्दीत नेली. त्याचा निष्कर्ष चुकला, पण त्याची शंका मला आवडते. ती मूर्ती मथुरेच्या तांबड्या दगडाची. मथुरेहून इतक्या लांब आलेली मूर्ती आणखी थोडी सरकलीच नसेल कशावरून?

वाद मिटवला तो एका रुक्ष ताम्रपटाने. १९०८च्या सुमारास साहेतच्या एका विहारात तो सापडला. कनौजच्या गोविंदचंद्राने विक्रम संवत ११८६ मध्ये, म्हणजे इ. स. ११३० साली, जेतवनातल्या संघाला सहा गावं दान दिल्याची ती नोंद. मूर्ती लोक हौसेने हलवतात. दानपत्र मात्र ज्याचं त्याच्याच घरात राहतं, पेटीच्या तळाशी जपलेल्या सातबाऱ्यासारखं.

ग्रंथातल्या दुसऱ्या नगरीच्या, बुद्ध जिथे वाढला त्या कपिलवस्तूच्या बाबतीत असं सरळ उत्तर नाही. भारतातल्या पिप्रहव्याला १९७०च्या दशकात मातीच्या मुद्रा मिळाल्या, कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचं नाव असलेल्या. पुरावा भक्कम, पण तो विहाराचा. नगराला तट हवा, खंदक हवा, वस्तीची पांढरी हवी. ते सगळं नेपाळातल्या तिलौराकोटला आहे. माझा कौल तिकडे. पिप्रहवा मी त्या नगरीच्या संघाचं ठिकाण मानतो. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंचे मित्र माझ्यावर निम्मे निम्मे नाराज असतात.