नायगावच्या माळावर मोर पाहताना



हल्ली आपल्याकडची मंडळी सिंह-हत्ती पाहायला थेट आफ्रिकेत, केनिया-टांझानियापर्यंत जातात. ऐपत असेल त्याने जरूर जावे. पण आपल्याच बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, नायगावचे मयूर अभयारण्य आहे, ते तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? १९९४ साली सुमारे ३० चौरस किलोमीटरचा हा टापू मोरांसाठी राखला गेला.

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढला की बालाघाटाचे पठार लागते. थोडी वाट वाकडी करून कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि मग पाटोद्याच्या बाजूला वळावे. घनदाट अरण्याची कल्पना मनात ठेवून जाल तर हिरमोड होईल. मुरमाड माळ, बोरी-बाभळी, हिवर, तरवड, असेच सारे. मोराला मात्र हेच मानवते. लांडोर झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच अंडी घालते आणि जवळजवळ महिनाभर एकटीच उबवते. त्या दिवसांत मोकाट कुत्री तिकडे फिरकली की घात होतो. मोर नाचताना पाहायचा असेल तर मृग-आर्द्रात जा. पाऊस सरता सरता पिसारा गळून पडतो, मग बापडा बोडकाच हिंडतो.

आम्ही उभयता गेल्या मृगात भाड्याच्या जीपने गेलो होतो. पहाटे नाच पाहिला, डोळ्यांचे पारणे फिटले. परतताना सरीवर सर आली आणि एका सखल जागी काळ्या चिकणमातीत जीपची मागची चाके निम्मी रुतली. ड्रायव्हरने दगड घातले, तुराट्या घातल्या. चाक जागीच फिरे. आफ्रिकेत सिंहांच्या मुलखात गाडी रुतली तर खाली उतरायची सोय नाही म्हणतात. इथे आम्ही निदान लिंबाखाली तरी बसलो!

तासाभराने शेजारच्या शेतातले एक म्हातारबा आले. बैल आणायला त्यांनी नातवाला वस्तीवर पिटाळले. समोरच त्यांच्या नुकत्या पेरलेल्या बाजरीत पाच-सहा लांडोरी उतरल्या होत्या. मी विचारले, "बाबा, हे नुकसान चालतं तुम्हाला?"

"चालतं कसं, सायेब? पेरलेलं उकरित्यात, मोड खात्यात. दोनदा पेरावं लागतं कधी. पर किडं बी खात्यात, साप बी मारित्यात. अन् औषध घालून मारलं तर ते पाप कुठं फेडायचं?"

दसऱ्यानंतर त्यांचे लेक-सून ऊसतोडीला जातात. राखणीला म्हातारा आणि नातू तेवढे उरतात. अशा घराने दुबार पेरणीचे बियाणे कोठून आणायचे? मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे, हे सारे खरे. पण मोर राखला जातो तो अशा माणसांच्या पदराला खार लागून, हे आम्हा खात्याच्या माणसांच्या फारसे बोलण्यात येत नाही.

कित्येकदा मोर कोणी न मारताही मरतो. बीजप्रक्रिया केलेले दाणे वर उघडे राहतात आणि पाखरे ते टिपतात. म्हणून सांगतो, पेरल्यावर तास नीट बुजवा, धुऱ्यावर सांडलेले दाणे गोळा करून खोल पुरा आणि औषधाचे डबे ओढ्यात धुऊ नका.

बैलजोडी आली. दोन हिसक्यांत जीप वर निघाली. म्हातारबांनी पैशाला हात लावला नाही. चहाला मात्र ओढून नेले. पाटोद्याच्या पुढे सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा आहे, तिथे जायचे आमच्या मनात होते. म्हातारबा म्हणाले, "आज नगा जाऊ, अजून धार न्हाई धरली त्यानं. श्रावणात या. अन् गाडी वरच्या वाटंनं आणा."