फितूर साक्षीदार

आमच्या भंडारा जिल्ह्यात चिन्नोर नावाचा जो सुवासिक तांदूळ पिकतो, त्याचा भात चुलीवर रटरटू लागला म्हणजे त्याचा दरवळ ओसरी ओलांडून अंगणात येतो आणि दिवसभर बांध्यांतील चिखलात राबून परतलेल्या माणसाला, त्याने पायांवर पाणी घेण्यापूर्वीच, आज घरात काय शिजले आहे याची वर्दी देतो. अशा भाताच्या वाफाळत्या ताटावर काही वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी मी वाकून बसलो असता मला कसलाही वास आला नाही. तांदूळ बदलला काय, असे मी विचारले. “चिन्नोरच तं आहे जी,” असे उत्तर आले.

त्या दिवशी सकाळपासून मी सागवानी दारांच्या एका जोडीवर थिनरने पातळ केलेले लॅकर स्प्रे गनने मारीत होतो. तोंडावर वाटीच्या आकाराचा एक पांढरा मास्क होता आणि तो ज्या दुकानातून घेतला तेथील गृहस्थांनी “सगळ्याला चालतो” अशा निःशंक ग्वाहीसह तो मजकडे सोपविला होता. सकाळी थिनरचा उग्र दर्प येत होता, दुपारपर्यंत तो येईनासा झाला, आणि मी, हे लिहिताना आजही संकोच वाटतो, त्या मास्कचे मनोमन आभार मानले. वस्तुतः मास्कने त्या वाफेतील यत्किंचितही अडविले नव्हते. थकला होता तो माझ्या नाकातील पहारेकरी. ज्याच्या जबानीवर मी आयुष्यभर विसंबलो तो साक्षीदार दुपारच्या सुमारास कधीतरी प्रतिपक्षाला फितूर झाला होता, आणि त्याच्या फितुरीची रुजवात झाली ती भाताच्या ताटावर.

आम्ही दिघोरीचे वाढई. वडिलांच्या काळी कामाचा मोठा हिस्सा नांगर, वखर आणि बंडीची चाके यांचा असे, आणि घरगुती सामानाचे काम निघालेच तर ते वासला, करवत, रंधा व पटाशी यांच्याच बळावर तडीस जाई. रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या छिलक्या पायांशी पडत आणि सायंकाळी चुलीत जात. करवतीचा भुसा जड, डोळ्यांना दिसणारा, झाडूने आवरता येणारा. पॉलिश म्हणजे चपडा: लाखेचे ते पिंगट पापुद्रे रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालायचे आणि सकाळी कापसाची गुंडी मऊ सुती कापडात बांधून, अंगणातल्या सावलीत बसून, लाकडावर वर्तुळाकार चोळीत राहायचे. (लाख हा शब्द आमच्याकडे जपून वापरावा लागतो, पळसावर वाढते ती लाख वेगळी आणि धान उभे असतानाच बांधीच्या ओलीवर फेकून पेरतात ती लाख, म्हणजे लाखोळी, वेगळी. पहिलीने लाकूड चकाकते, दुसरीचे वरण होते.) वडिलांनी तोंडावर कधी काही बांधले नाही. तथापि त्यावरून त्या पिढीची छाती पोलादी होती असा जो निष्कर्ष गावात काढला जातो तो मला मान्य नाही. त्यांच्या अवजारांतून निघणारा कचराच निराळ्या जातीचा होता, आणि त्यांची कार्यशाळा म्हणजे तीन बाजूंनी उघडा मांडव होता, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या हाती विजेचा सँडर आला तेव्हा ही जात पालटली. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर १२० किंवा २२० नंबरच्या कागदाखालून जी धूळ उठते तिच्यातील धोक्याचा अंश १० मायक्रॉनच्या आतला असतो, आणि ५ मायक्रॉनच्या आतले कण तर नाक, घसा व श्वासनलिका ही सगळी नाकी चुकवून फुप्फुसाच्या शेवटच्या कोठडीपर्यंत पोहोचतात. हे कण बंद हवेत तासन्‌तास तरंगतात. यंत्र थांबले, जमीन झाडली, आता सारे आटोपले असे समजून आपण मास्क उतरवितो, आणि तेव्हाच कवेलूंच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत त्यांचा संथ जलसा चाललेला दिसतो. अशीच प्रकाशाची तिरीप प्रयोगशाळेत पाडून हवेतील धुळीचा अभ्यास करणाऱ्या जॉन टिंडल या शास्त्रज्ञानेच पुढे, १८७१ च्या सुमारास, आग विझविणाऱ्या जवानांसाठी कापूस, ग्लिसरीन आणि कोळसा यांचे थर असलेला मुखवटा तयार केला, हे कळल्यापासून ती तिरीप मला निव्वळ देखावा वाटत नाही.

लाकडाची धूळ ही ‘नैसर्गिक’ म्हणून निरुपद्रवी, अशी समजूत आमच्या धंद्यात फार खोल रुजलेली आहे. इंग्लंडातील हाय विकम हे खुर्च्यांचे गाव. तेथे कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मी हॅडफील्ड यांच्या ध्यानात आले की, नाकाच्या पोकळीतील एका दुर्मिळ कर्करोगाचे जे रुग्ण येतात त्यांत लाकूडकाम करणारेच फार भरतात. त्यांनी अ‍ॅचिसन आदी सहकाऱ्यांसह याचा छडा लावून १९६८ साली निबंध प्रसिद्ध केला, आणि १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पहिल्या वर्गात केली. ज्याला मी फितूर म्हणून दोष देतो तो साक्षीदार, म्हणजे नाक, या मुकदम्यातील पहिला बळीही होता, हे वाचून माझा त्याच्यावरचा राग थोडा निवळला.

धुळीचा बंदोबस्त मात्र तुलनेने सोपा. २०२० च्या महामारीने एन९५ हा शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी आणून ठेवला; चाचणीतील ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी निदान ९५ टक्के अडविणारा तो. आपल्याकडील मानकाचा क्रमांक आयएस ९४७३, आणि त्यात एफएफपी१, २ व ३ अशा चढत्या पायऱ्या आहेत. सँडरच्या कामाला दुसऱ्या पायरीखाली उतरू नये असे माझे मत. या मास्कचे मर्म केवळ चाळणीत नाही. त्यातील तंतूंवर विद्युत्‌भार ठेवलेला असतो आणि तो भार कणांना ओढून धरतो, म्हणूनच कापड इतके विरळ ठेवता येते आणि श्वास घेता येतो. माझ्या हाताखालच्या पोराने एकदा माझे सगळे मास्क साबणाने स्वच्छ धुऊन दोरीवर वाळत घातले; ते असे लख्ख दिसू लागले की त्याला रागावणे जिवावर आले, पण भार गेला होता आणि दोरीवर उरली होती ती नुसती वस्त्रे.

परंतु वाफ म्हणजे धूळ नव्हे, आणि सारी गोम येथेच आहे. थिनरमधील टोल्युइनसारख्या द्रव्यांचा रेणू हा कण नसतो. तो हवेचाच होऊन हवेबरोबर आत येतो आणि विद्युत्‌भारित तंतूंना तो जणू दिसतच नाही. त्याला धरून ठेवतो तो सक्रिय केलेला कोळसा, बहुधा नारळाच्या करवंटीचा. या कोळशाच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर तो हजार चौरस मीटरांच्या घरात जातो, म्हणजे चार ग्रॅमांत एकरभर बांधी. मालगुजारी तलावांच्या मुलखातील माणसाला हा हिशेब चटकन समजतो. म्हणून फवारणीसाठी रबराचा वा सिलिकोनचा अर्धमुख रेस्पिरेटर आणि त्याच्या दोन्ही गालांवर कोळशाच्या डब्या; युरोपीय पद्धतीत सेंद्रिय वाफेच्या डबीवर तपकिरी पट्टा असतो, अमेरिकन पद्धतीत काळा. शिवाय स्प्रे गनमधून वाफेबरोबर तुषारही उडतात, तेव्हा डबीच्या बाहेरच्या अंगाला धुळीचा फिल्टर चढवावाच लागतो, नाहीतर कोळशाचे तोंड लॅकरनेच बुजते.

आता एकरभर बांधी केव्हा भरली हे कसे ओळखावे? वास येऊ लागला की डबी बदलावी, असे बहुतेक कारागीर सांगतात, आणि माझा आक्षेप नेमका या सल्ल्यावर आहे, कारण यात पुन्हा त्याच साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे केलेले आहे. कोळसा हळूहळू फुटू लागतो तसतसे नाकही हळूहळू सरावत जाते, आणि दोघांची ही संगनमताची चाल एकमेकांना झाकून टाकते. म्हणून मी डब्यांची रोजकीर्द ठेवतो: डबी उघडल्याची तारीख, किती तास चालविली, कोणते द्रव्य, हवा कोरडी की दमट. दमट हवेत कोळशाच्या छिद्रांत पाणीच ठाण मांडते, तेव्हा श्रावणातील चार तास मी मार्चमधील चार तासांच्या बरोबरीचे धरीत नाही. काम संपताच डब्या झाकणाच्या हवाबंद भांड्यात जातात. खिळ्याला टांगलेली डबी कोणी वापरो न वापरो, कार्यशाळेची हवा रात्रंदिवस पीत राहते.

यानंतर प्रश्न उरतो तो चेहऱ्याचा, आणि दुकानात जाताना आपण नेमका चेहराच घरी विसरतो. श्वास हा पाण्यासारखा सोपा उतार शोधतो. गालाशी केसभर फट असली तरी तो फिल्टर सोडून तिकडूनच आत येतो. मिशी चालते, दाढी चालत नाही. मास्क चढवून दोन्ही डब्यांवर तळवे दाबावे आणि श्वास ओढावा. मास्क गालांना चिकटून तसाच राहिला तर ठीक, कडेने गार झुळूक लागली तर पुन्हा पट्टे ओढावे. मोठ्या कारखान्यांत यासाठी डोक्यावर टोपण घालून केळ्याच्या वासाचे एक द्रव्य सोडतात आणि आतल्या माणसाला वास येतो काय ते विचारतात. नाकाची साक्ष ग्राह्य धरण्याचा हा एक प्रसंग मला पटतो, कारण येथे साक्षीदार ताजा असतो. मी स्वतः तीन आकार घेऊन परत केले तेव्हा कुठे चौथा माझ्या बसक्या नाकावर बसला.

मे महिन्यात, पारा ४५ कडे झुकलेला असताना, घामाने रबर घसरते आणि पोरगा कुरकुरतो, “काका, हे बांधलं का जीव घाबरते. दुपट्टा काहून चालत नाही?” त्याचा प्रश्न रास्त आहे. दुपट्ट्याच्या दोन धाग्यांमधून धुळीचा कण म्हणजे वेशीतून मुंगी जावी तसा जातो, हे मी त्याला सांगतो. परंतु जीव घाबरतो हेही खरेच, आणि त्यावर माझ्याजवळ दर अर्ध्या तासाने बाहेर आंब्याखाली जाऊन मास्क उतरविण्यापलीकडे दुसरी तजवीज नाही.

मग ते पीयू आले. दोन डब्यांतून येणारे, काचेसारखी चकाकी देणारे हे पॉलिश शहरातल्या गिऱ्हाइकांना फार भावते. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गाची द्रव्ये असतात. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळवर जो वायू सुटला तो त्याच कुळातला. तोच नव्हे, पण कुळ तेच. यांची गोष्ट अशी की, नाकाला वास येऊ लागेपर्यंत हवेतील त्यांचे प्रमाण धोक्याची मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेले असते, आणि एकदा का शरीर त्यांना बिचकू लागले, म्हणजे पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. यासाठी नियमित फवारणी करणाऱ्याने बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा वापरावा असे सांगतात, आणि ती हवा स्प्रे गनच्या तेलकट कॉम्प्रेसरमधून मुळीच घेता येत नाही. इतका सरंजाम माझ्या कवेलूंच्या छपराखाली उभा राहणे नाही. अखेरीस, मास्क निवडता निवडता, मी पॉलिशच निवडू लागलो: पीयूचे काम आले की ते तशी सोय असलेल्या नागपूरकडील कारागिराकडे पाठवितो, लॅकर थोडे आणि उघड्यावर मारतो, आणि देव्हारे, चौरंग, पाळणे यांना पुन्हा चपडा लावतो.

चपडाही धुतल्या तांदळासारखा नाही. ज्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल मिसळलेले असते त्याची वाफ कोळशाच्या डबीला फारशी दाद देत नाही, तेव्हा तेथे मास्कच्या भरवशावर राहण्यापेक्षा वडिलांचा उघडा मांडवच शहाणपणाचा. मी कार्यशाळेची पूर्वेकडची भिंत पाडून टाकली ती याच विचाराने.

काल दुपारी एका पाळण्यावर लॅकरचा पहिला हात मारला आणि दहा मिनिटांत त्यावर पांढुरकी साय धरली. पावसाळ्यात थिनर झरझर उडताना लाकडावरची हवा गार करतो आणि दमटपणा त्या थरात अडकून बसतो. पोराने भाऊबंदांच्या लग्नासाठी राखलेली दाढी या आठवड्यात काढली आहे आणि आता डब्यांवर तळवे दाबून पाहण्याची सवय त्याला लागली आहे. रोजकीर्द त्यानेच पुढे केली. मी लिहिले: उघडी डबी, एकूण तास अकरा, आज पाऊण तास, हवा दमट, फवारणी तहकूब.