भिंतीवरचे साईबाबा

आमच्या शहरातल्या शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ, हातगाड्यांच्या गर्दीत, कधीमधी एक कार्डवाला बसायचा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल झालेला चेहरा आणि नाकावर तीन-चार ठिपके. "ठिपक्यांवर नजर लावा, तीस मोजा, मग भिंतीकडं बघा." आजीनं घरी येऊन तीस मोजले, चुन्याच्या भिंतीकडं पाहिलं आणि हातच जोडले. "दिसले गं बाई, साईबाबा!" तळहाताएवढे बाबा भिंतीवर हातभर झाले होते, मग तिला आणखी काय पुरावा हवा? जितक्या लांब बघाल तितकी ही छबी मोठी वाटते, हे एमर्ट नावाच्या स्विस नेत्रवैद्यानं १८८१ साली नोंदवून ठेवलंय. आजीला एमर्टशी काय देणंघेणं!

उलटं चित्र तेव्हा घरोघर असायचं. छत्तीसचा रोल धुवून आला की पाकिटात फोटोंच्या मागं निगेटिव्हच्या पट्ट्या. बोटांचे ठसे उमटतात म्हणून त्यांना हात लावायची बंदी, म्हणजे आम्ही हमखास लावायचो. लग्नातल्या मावशीची पट्टी खिडकीशी धरून मीही टक लावून पाहिली. वाटलं, भिंतीवर लाल शालूतली मावशी उभी राहील. राहिला एक निळसर डाग. रंगीत निगेटिव्हवर मुळातच नारिंगी झाक असते, कागदावर रंग खरे उतरावेत म्हणून दिलेली, आणि नारिंगीचा उलटा रंग निळसर. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता पट्ट्या गेल्या, उलटं चित्र मुद्दाम करावं लागतं. परवा शहागंजातल्या फळांच्या गाडीचा फोटो काढला आणि नातीनं फोनवर दोन मिनिटांत त्याचे रंग उलटे केले. केळी निळी, सफरचंदं मोरपंखी. मधोमध एक ठिपका. त्याच फोटोची दुसरी प्रत साधी, काळी-पांढरी. आधी उलट्या रंगांकडं तीस सेकंद बघायचं, मग नजर तिथंच ठेवून काळी-पांढरी प्रत पुढं आणायची. आणि त्या करड्या केळ्यांवर पिवळा चढतो! आजीच्या कार्डात हे नव्हतं. तिचे बाबा करडेच होते.

असं का होतं? डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. एकच रंग बराच वेळ पाहिला की त्या रंगाच्या पेशी मंदावतात आणि नजर करड्यावर गेली की बाकीच्यांचं पारडं जड होतं. रक्ताच्या लालकडं तासन्‌तास पाहणाऱ्या सर्जनला पांढऱ्या कपड्यावर हिरवट डाग दिसू नयेत, हे शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या हिरव्या-निळ्या कापडाचं एक कारण. काळी-पांढरी प्रत कशाला, कोरी भिंत का नको? तर असा उमटलेला फिका रंग चित्रातल्या रेघांच्या कुंपणात थांबतो, भरल्यासारखा दिसतो. नेदरलँड्समधल्या रॉब व्हॅन लीर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे प्रयोगानं दाखवलं.

नातीला पहिल्या दोन खेपांना काहीच दिसलं नाही. बुबुळ हललं होतं. तिसऱ्यांदा ती ओरडली, "आबा, केळी पिकली!"

करून बघा. फोटो भडक रंगांचा घ्या, ठिपका मधोमध द्या, आणि घरात आजी असेल तर आधी तिला बसवा.