बंपर वेगळा दिसतो

दसरा किंवा गुढीपाडवा झाला की आठवडाभरात आमच्या वर्कशॉपला कोऱ्या गाड्या यायला लागतात. नागपूरच्या टेकडी गणपतीपुढे पूजा झालेली असते, बॉनेटवरचं स्वस्तिक अजून पुसलेलं नसतं, सीटवरची पन्नीही काढलेली नसते. गाडी कुठे घासलेली नसते. मालक मला पुढच्या कोपऱ्याशी नेतो आणि फेंडर संपून बंपर सुरू होतो तिथे बोट ठेवतो. "भाऊ, हा बंपर वेगळा दिसून राहिला ना?" मग आवाज खाली येतो. "ठोकलेली गाडी तर नाही ना देली मले?"

बहुतेक वेळा बंपर खरंच वेगळा दिसत असतो. "तुम्हाला भास होतोय" म्हणून त्या माणसाला परत पाठवणारे आहेत, मला ते पटत नाही. पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन त्याने गाडी घेतलेली असते आणि त्याचा डोळा त्याला फसवत नसतो. फरक त्याने बरोबर टिपलेला असतो, कारण तेवढं चुकीचं धरलेलं असतं. मी रंगाचं काम करतो, शेड जुळवणं हाच माझा धंदा. या एका प्रश्नाला नीट उत्तर देता यावं म्हणून मला जितकं शिकावं लागलं तितकं दुसऱ्या कशासाठीच लागलं नाही.

गाडीचा पत्रा आणि बंपर यांची पहिली गाठ पडते ती दोघांचे रंग वाळून झाल्यावर. पत्र्याचा अख्खा सांगाडा आधी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या मदतीने रंगवतात, भट्टीतून काढतात, मग वरचे थर चढवून पुन्हा सुमारे १४० अंशांवर भाजतात. बंपर असतो पॉलिप्रॉपिलीनचा, रबर मिसळलेला. ते प्लास्टिक १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी आकार सोडतं. म्हणून बंपर वेगळ्या लाइनवर, पुष्कळदा वेगळ्याच पुरवठादाराकडे, सुमारे ८० अंशांवर रंगवला जातो. त्यावर रंग सहजासहजी धरत नाही, त्यासाठी पृष्ठभागावर आधी ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात. शिवाय धक्का बसल्यावर बंपर दबतो आणि परत येतो, तेव्हा त्याच्यावरच्या थरालाही वाकता आलं पाहिजे. रेझिन वेगळं, तापमान वेगळं, गनही वेगळी. नाव आणि कोड तेवढा एक.

कारखाने हे जाणून असतात. एक प्रमाण नमुना ठरवलेला असतो आणि दोन्ही ठिकाणचा रंग त्याच्याशी यंत्राने ताडून पाहतात. पण प्रत्येक मोजमापाला सूट असते. पत्रा त्या सुटीच्या निळसर टोकाला आणि बंपर पिवळसर टोकाला असला, तरी दोघंही पास होतात. मग ते एका गाडीवर शेजारी येतात आणि नागपूरच्या उन्हात उभे राहतात.

पूर्वी हा प्रश्न नव्हताच. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीचे बंपर लोखंडाचे, क्रोम चढवलेले. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये रेनो ५ प्लास्टिकचे बंपर घेऊन आली, तेही राखाडीच होते. आपल्याकडे स्वस्त मॉडेलना काळे बंपर असायचे, त्यांच्याबद्दल कधी कोणी तक्रार घेऊन आलं नाही. बंपरने पत्र्याचाच रंग घ्यायचं ठरवलं आणि माझ्यासारख्यांचं काम वाढलं.

साधा पांढरा किंवा लाल असेल तर अजून सोपं आहे. चंदेरी, राखाडी आणि मोतिया रंग खरी परीक्षा घेतात. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, केसाच्या जाडीपेक्षाही लहान. गनमधून सुटलेला थेंब पत्र्यावर बसतो, थिनर उडतो आणि चकत्या जिथे असतील तिथे गोठतात. आडव्या पडल्या तर समोरून झगझगीत दिसतात, तिरक्या राहिल्या तर गडद. थर ओला मारला की चकत्यांना हलायला वेळ मिळतो, त्या वाटेल तशा कलतात आणि समोरून रंग खोल जातो. कोरडा मारला की त्या वरच चपट्या बसतात आणि रंग उजळतो. म्हणजे एकाच डब्यातला माल, एकच गन, तरी हवेचा दाब थोडा वाढला किंवा हात वीतभर मागे गेला की शेड बदलली. मोतियात आणखी एक पायरी आहे: खाली पांढरा, मधे अभ्रकाचा पातळ थर, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर. मधल्या थराचा एक हात जास्त पडला तरी बंपर वेगळ्या गाडीचा वाटतो.

आणि नागपूरचा उन्हाळा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तेवढं रोज होत नाही, पण मे महिन्यात ४४-४५ काही नवं नाही. अशा हवेत नेहमीचा थिनर वापरला तर थेंब गनपासून पत्र्यापर्यंत जाईतोच अर्धा वाळतो. चंदेरी रंग खरखरीत आणि उजळ येतो. म्हणून आम्ही संथ उडणारा थिनर घेतो आणि मेटॅलिकची कामं सकाळी ऊन चढायच्या आत उरकतो. पावसाळ्यात उलटी काळजी, ओलाव्याने थरावर पांढुरकी साय येऊ नये म्हणून. पुण्याच्या किंवा मुंबईच्या कारागिराने लिहून दिलेलं प्रमाण इथे मे महिन्यात जसंच्या तसं चालत नाही, हे मी छातीठोक सांगतो.

माझे उस्ताद डब्यावरच्या कोडवर कधीच थांबत नसत. एकाच कोडच्या चार-पाच छटा बाजारात असतात, कारण कारखान्यातही वर्षागणिक माल सरकतो. ते आधी कार्डावर फवारा मारायचे, क्लिअर चढवायचे, वाळवायचे आणि मग ते कार्ड गाडीशी धरून तीन ठिकाणांहून बघायचे: समोरून, कडेने आणि उजेडाकडे पाठ करून. आज आमच्याकडे यंत्र आहे, तेही एकाच रंगाला अनेक कोनांतून मोजतं. यंत्र मला जवळ नेऊन सोडतं. शेवटचं अर्धं पाऊल अजून कार्ड आणि डोळाच टाकतो. समोरून जुळणारा आणि कडेने काळवंडणारा रंग जुळला असं म्हणायला उस्ताद तयार नसत, मीही नाही.

उजेडाचं प्रकरण तर वेगळंच. दोन रंगांतली रंगद्रव्यं वेगळी असतील तर ते दुपारी एक दिसतात आणि शोरूमच्या दिव्याखाली दोन, किंवा उलट. त्यात बंपरचा आकार खाली वळत गेलेला असतो. फेंडर क्षितिजाकडे बघतो, बंपरचा खालचा भाग रस्त्याकडे. आपल्या शहरात आता बरेच रस्ते सिमेंटचे आहेत. तिथे बंपरवर खालून पांढुरका उजेड पडतो, डांबरी रस्त्यावर तोच बंपर गडद भासतो. म्हणून मी गाडी आधी जागेवरून हलवायला सांगतो, तोंड दुसऱ्या दिशेला करायला लावतो. काही तक्रारी तिथेच मिटतात. ज्या मिटत नाहीत त्या खऱ्या.

या कामाचं मर्म मला एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हकिकतीत सापडलं. मिशेल शेव्रल हा पॅरिसच्या गोबलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने धागे तपासले, ते चोख होते. काळ्याशेजारी जे निळे-जांभळे धागे विणले जात होते, त्यांच्यामुळे काळा मरत होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ छापला. रंग शेजाऱ्यासकट दिसतो, एकटा दिसत नाही. गाडीला हेच लागू आहे. बंपर खोलून दूर कोपऱ्यात ठेवला तर कोणालाही फरक सांगता येणार नाही. जिथे दोन रंग एका रेषेवर भिडतात तिथेच डोळा अडतो. तोच फरक हातभर अंतरात हळूहळू विरत नेला तर डोळा बिनतक्रार पुढे जातो.

ब्लेंडिंग त्याच जोरावर चालतं. बंपर रंगवताना बेसकोटची धार शेजारच्या फेंडरवर नेऊन विरवायची आणि पूर्ण फेंडरला नवा क्लिअर द्यायचा. चांगला पेंटर शेड जुळवतो आणि तरीही ब्लेंड करतो. फक्त बंपर सोडवून, दूर रंगवून, परत बसवून देणाऱ्याचं काम नशिबावर असतं.

पण इथेच मी कोऱ्या गाडीच्या मालकाला थांबवतो. ब्लेंड करायचं म्हणजे कारखान्यात १४० अंशांवर भाजलेला, धडधाकट फेंडर मला पेपरने घासावा लागणार, आणि त्यावर मी जो क्लिअर मारीन तो बूथमध्ये ६० अंशांवर वाळणार. मी माझं काम मन लावून करतो, तरी कारखान्यातल्या थराची बरोबरी मी करू शकत नाही. बंपरचंही तसंच. कारखान्यातला रंग प्लास्टिकला जसा धरून असतो तसा दुसऱ्यांदा मारलेला धरेलच याची हमी नाही, प्रेशर वॉशरच्या पाण्याने पापुद्रे निघालेले बंपर आमच्याकडे येतातच. केवळ छटेपायी चांगला थर उकरायला माझा हात धजत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

गाडी खरंच दुरुस्त केलेली आहे का, हा संशय मात्र तपासून घ्यावा. जाडी मोजण्याचं साधं यंत्र बंपरवर चालत नाही, ते धातूवरच चालतं. म्हणून फेंडर, बॉनेट, दारं मोजायची. कारखान्यातला थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, एकाच पॅनलवर तो दुप्पट निघाला तर विचारणा करायलाच हवी. बंपरवर बोटाने आणि डोळ्याने बघायचं: सेन्सरच्या कडेला, जाळीच्या आत, हेडलाइटच्या रबरावर रंगाची धूळ आहे का, टेपची रेष लागते का, बंपरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का. यांतलं काही नसेल आणि पुढचा-मागचा असे दोन्ही बंपर सारख्याच प्रमाणात वेगळे असतील, तर ती गाडी कोरी आहे. एकच बंपर वेगळा असेल तर शंका रास्त आहे.

तेव्हा गाडी संध्याकाळी शोरूमच्या दिव्याखाली ताब्यात घेऊ नका. मुहूर्त सांभाळायचाच असेल तर आदल्या दिवशी सकाळी जा, गाडी बाहेर उघड्यावर काढायला लावा आणि चारी बाजूंनी फिरा. पाच पावलांवरून फरक दिसत नसेल तर बंपर आहे तसा राहू द्या. पाच पावलांवरूनही दिसत असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहून घ्या आणि कारखान्यातूनच रंगून आलेला दुसरा बंपर मागा. कोऱ्या गाडीवर रंगाची गन चालवायला संमती देऊ नका, मग ती गन माझी का असेना.