सहा पूर्णांक त्रेसष्टला कमी मार्क

प्लांकचा स्थिरांक काढायच्या प्रयोगात ज्याचं उत्तर थेट ६.६३ येतं, त्याची कच्ची वही मी आधी मागतो. ती बहुतेक वेळा 'घरी राहिलेली' असते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं उत्तर ६.१ असतं, त्यापुढे अधिक-उणे ०.४ लिहिलेलं असतं, आणि जास्त मार्क ती घेऊन जाते. यावर दरवर्षी वाद होतो. पुस्तकातलं उत्तर आलं तरी मार्क का कापले?

पवार-होळकरांच्या काळात माळव्यात येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. मी शिकवतो त्या कॉलेजच्या वर्गात मात्र हिंदी चालते आणि मागच्या बाकांवर निमाडी. कुक्षी, मनावर, निसरपूरकडून येणारी ही मुलं बारावीपर्यंत पाठांतरावर तरलेली असतात. आधुनिक भौतिकशास्त्राच्या पेपरालाही तेच पुरतं, ही खरी अडचण. कॉम्प्टनचं समीकरण पान भरून उतरवणाऱ्याला पूर्ण मार्क पडतात. १९२३ साली त्या प्रयोगाने कोणती जुनी समजूत मोडीत काढली, हे त्याला विचारायला पेपरात जागाच नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीत 'ओ'ला दहा, 'ए प्लस'ला नऊ, अशी उतरंड 'पी'च्या चारपर्यंत येते आणि त्याखाली थेट 'एफ', शून्य. श्रेणीपत्रक नीटनेटकं दिसतं. पण त्यावरची 'ओ' समजून घेतल्याची की घोकल्याची, हे कुणाला कळणार?

म्हणून माझा सगळा भर प्रॅक्टिकलवर. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे एलईडी घ्यायचे, प्रत्येक किती व्होल्टला पेटू लागतो ते पाहायचं आणि तरंगलांबीशी त्याचा हिशेब जुळवायचा. ६३० नॅनोमीटरचा लाल दिवा १.८ व्होल्टला पेटला असं धरलं, तर स्थिरांक ६.०६ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात असा निघतो. म्हणजे साडेआठ टक्के कमी. दिवा 'पेटला' हे ठरवतो आपला डोळा. खोलीत अंधार किती, यावरही ते अवलंबून. शिवाय एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो. इतकं सगळं असूनही ६.६३ आलं, तर ते आलेलं नसतं, आणलेलं असतं. मुलांच्या भाषेत, रीडिंग कुक केलेलं.

गेल्या काही वर्षांत हुशार मुलं एक नवा मुद्दा काढतात. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक व्याख्येनेच ६.६२६०७०१५ ठरला आहे, त्यात त्रुटी शून्य, मग आपण मोजायचं काय? प्रश्न मला फार आवडतो. आता त्या टेबलावर स्थिरांकाची परीक्षा होत नाही. तुमच्या व्होल्टमीटरची, डोळ्याची आणि सचोटीची होते.

पुस्तकी आकड्याचा धाक मोठमोठ्यांनाही असतो. मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार काढला, तो आजच्या किमतीपेक्षा अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कमी होता. हवेच्या चिकटपणाचा जो आकडा त्याने धरला, तोच चुकीचा होता. पण त्याचा आकडा एकदा पुस्तकात बसला होता, म्हणून ही चूक उमगून दुरुस्त व्हायला १९३० चं दशक उजाडावं लागलं.

त्रुटी लिहिणं म्हणजे कमीपणा, हा समज निसरपूरच्या मुलांच्या डोक्यातून काढणं त्या मानाने सोपं जातं. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर हा आकडा त्यांना पाठ करावा लागत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा तिथवर भरला आणि जुनं निसरपूर बुडालं. पाण्याचा फुगवटा कुठवर येईल याचं गणित त्याआधी नव्याने मांडून हजारो कुटुंबं बुडिताच्या यादीतून वगळली होती. पुढे त्यांतल्या काही घरांतही पाणी शिरलं. दशांश चिन्हानंतर दोन अंक लिहिले म्हणजे तितकं अचूक मोजलं असं होत नाही, हे मी शिकवण्याआधीच त्यांना माहीत असतं. एका मुलाने तर व्हायवात मलाच उलट विचारलं होतं, 'सर, त्या गणितात अधिक-उणे किती धरलं होतं?'

बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला एवढं ऐकायला वेळ नसतो. एका सकाळी सगळी बॅच उरकायची असते. तो शेवटच्या ओळीतला आकडा पाहून मार्क टाकतो. त्यामुळे माझ्याकडे रीडिंग पेनानेच घ्यायचं, खोडरबर आणायचं नाही, आणि टेबल सोडण्याआधी कच्च्या पानावर माझी सही घ्यायची. जर्नल तपासताना ते पान सोबत नसेल, तर उत्तर कितीही देखणं असो, निम्मे मार्क गेले.